खंडेनवमीपूर्वी माझ्या ओसरीवरील सिलिंडर हलवण्याबाबत

प्रति,
मा. प्रयोगशाळा सुरक्षा अधिकारी,
जिल्हा कार्यालय, धाराशिव.

विषय : महाविद्यालयाचा भरलेला प्राणवायूचा सिलिंडर माझ्या घरातून दि. १ ऑक्टोबर रोजी सकाळी नऊपूर्वी नेणेबाबत.
संदर्भ : १) माझा अर्ज दि. ४ ऑगस्ट २०२५. २) आपले पत्र दि. १२ सप्टेंबर २०२५.

महोदय,

१. मी येथील महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत एकतीस वर्षे परिचर होते. १९८८ साली सोलापूरहून पहिला सिलिंडर आला, तेव्हा अणदूरजवळ टेम्पो बंद पडला. आमचे वैजनाथ सर आणि मी त्यावर ओले पोते धरून चार तास उन्हात बसलो. तेवढ्या वेळात सरांनी मला सगळे शिकवले. सिलिंडर उभा ठेवायचा, भिंतीला साखळीने बांधायचा, वापरात नसेल तेव्हा टोपी घालायची, गडगडत न्यायचा नाही. झडपेला तेलाचा हात लावायचा नाही, कारण दाबातला प्राणवायू आणि तेल एकत्र आले की पेटायला काडी लागत नाही. खंडेनवमीला सर तराजूला फूल वाहत आणि सिलिंडरला दारातूनच हात जोडत.

२. गेल्या खंडेनवमीला शिपाई धोंडप्पा यांनी पूजेआधी सिलिंडरच्या झडपेला खोबरेल चोळले व वर भंडारा उधळला. ते वाघ्याच्या घरातले आहेत. साखळी दिसताच त्यांनी तिला खंडोबापुढे तोडायचा लंगर समजून, येळकोट म्हणत एका हिसक्यात तोडली. सिलिंडर कलला, तो त्यांनीच मिठी मारून सावरला. माझी नात सृष्टी तिथे शिकते व सिलिंडरजवळच्याच बाकावर बसते, म्हणून मला कळले. मी विचारले तर म्हणाले, "आक्का, देवाला कुणी बांधून ठेवतं व्हय?" प्राचार्य रणधीर सरांनी नवी साखळी मागवली आहे, परंतु ती यंदा तोडण्यासाठी.

३. याबाबत मी संदर्भ क्र. १ चा अर्ज केला. त्यावर आपण महाविद्यालयास कळवले की, सिलिंडर हवेशीर व सावलीच्या ठिकाणी, आगीपासून दूर, जाणकार व्यक्तीच्या देखरेखीखाली ठेवावा. पत्र योग्यच होते. मात्र ते वाचून प्राचार्य म्हणाले, "बाई, गावात जाणकार तुमच्याशिवाय आहे कोण?" दि. १५ सप्टेंबर रोजी सिलिंडर गल्लीतून गडगडत आणून माझ्या ओसरीवर ठेवण्यात आला. पोच म्हणून माझी सही घेतली.

४. मी तो उभा करवून शेळ्यांच्या दाव्याने खांबाला बांधला आहे. टोपी घातली आहे. शेळ्या, चूल आणि मी अशा तिघी शेजारच्या इरम्माकडे जेवतो. घटस्थापनेला घरात अखंड दिवा लावता येईना, म्हणून घटही तिच्याकडे बसवला. लग्न होऊन बावन्न वर्षे झाली, नवरात्रात माझे घर असे अंधारात कधी नव्हते. गावातल्या बाया मात्र उदबत्ती घेऊन येतात. मी काठी घेऊन दारात बसते, तर त्या मलाही हळदकुंकू लावतात.

५. काल प्राचार्यांचा निरोप आला. सिलिंडर अजून महाविद्यालयाच्या साहित्याच्या नोंदवहीत असल्याने त्याची पूजा चुकवता येत नाही. सबब खंडेनवमीला, बुधवारी सकाळी दहा वाजता, सर्व कर्मचारी तेल, समई व भंडारा घेऊन माझ्या घरी येणार आहेत. धोंडप्पांनी दावे पाहून ठेवले आहे.

६. तरी विनंती की, सिलिंडर बुधवारी नऊपूर्वी ट्रॉलीवर उभा बांधून परत पुरवठादाराकडे पाठवावा व झडप त्याच्याकडूनच साफ करून घ्यावी. मध्ये शनिवार, रविवार आहेत, हे मला ठाऊक आहे. आपल्याकडून कोणी न आल्यास मी पूजेला आलेल्या कर्मचाऱ्यांना दारातच "पूजा झाली" असे सांगणार आहे. एकतीस वर्षांत प्रयोगशाळेच्या वहीत मी एकही खोटी नोंद केली नाही. मला या वयात देवाच्या दिवशी खोटे बोलायला लावू नये.

आपल्या ट्रॉलीची वाट पाहणारी,
आपली नम्र,
नागूबाई धुळाप्पा
निवृत्त परिचर, बोरवाडी, ता. तुळजापूर
दि. २६ सप्टेंबर २०२५

सोबत : १) आपल्या पत्राची झेरॉक्स. २) सिलिंडर मिळाल्याच्या पोचेची नक्कल. ३) एसटी थांब्यापासून माझ्या घरापर्यंतचा हाताने काढलेला नकाशा.