‘ला न्यापा’ची मालकी आणि उबादेलची दोन घरे

मी, एतिल्विया चारिस पोलो, कै. उबादेल कान्तियो यांची कायदेशीर पत्नी, राहणार बोस्टन मोहल्ला, बारान्कीया, धंदा स्वस्त मालाची विक्री, हे मृत्युपत्र माझ्या ओसरीत बसून तोंडी सांगत आहे आणि नोटरीसाहेब ते लिहून घेत आहेत. माझे गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहिण्यासाठी कोणी मला धाक घातलेला नाही. माझ्या मुलाने आवाज चढवला होता, पण तो लहानपणापासून चढवतो.

कलम पहिले : मिळकत कशी झाली.

वाडवडिलांकडून मला काहीही आलेले नाही. माझी आई सिएनागाच्या बाजारात मासे विकायची आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या जुडीवर एक लहान मासा फुकट टाकायची. त्या वरच्या माशाला आमच्याकडे न्यापा म्हणतात. दुकानांचे नाव तिथून आले.

लग्न होऊन मी या शहरात आले. उबादेल शहरबस चालवायचा. आमच्या गल्लीच्या टोकाला डॉन निकानोर पेर्तूस या शेठजींची चिनी मातीच्या भांड्यांची वखार होती. टवके उडालेल्या, जोडी फुटलेल्या बश्या ते मागच्या आवारात टाकून देत. मी त्या मागितल्या.

“ह्या फुटक्या बश्या कोण घेणार, बाई?”

“ज्यांच्याकडे एकही नाही, ते.”

ते खुर्चीत बसून पोट धरून हसले. “ने सगळ्या. माझं आवार तरी झाडून निघेल.”

मी त्या हातगाडीवर मांडल्या आणि सगळ्यांना एकच भाव लावला. यात हुशारी काही नव्हती. भाव विचारायची मला स्वतःला लाज वाटायची. विचारावा आणि परवडू नये, मग वस्तू परत ठेवताना सगळ्यांनी पाहावे, हे मी पुष्कळदा सोसले होते. माझ्या गाडीवर कोणाला काही विचारावे लागत नसे. दुपारपर्यंत गाडी रिकामी व्हायची.

कलम दुसरे : उबादेलविषयी.

माझा मुलगा विल्फ्रिदो चार वर्षांचा असताना उबादेल माराकाइबोला गेला. तेव्हा तिकडे तेलाचा पैसा वाहत होता आणि आमची निम्मी गल्ली सरहद्द ओलांडून गेली होती. सुरुवातीला त्याची पत्रे आली, मग नुसते निरोप, मग तेही थांबले. शेवटी तिकडून परतलेल्या एका शेजारणीने भर बाजारात, चार गिऱ्हाइकांदेखत, मला सांगितले, “एतिल्विया, तुझ्या नवऱ्यानं तिकडं घर केलंय गं. ऑरामारिना नाव तिचं.”

मी म्हटले, “बशी घेणार आहेस, की नुसती बातमीच द्यायला आलीस?”

तिने दोन बश्या घेतल्या.

घटस्फोट मी मागितला नाही, त्यानेही दिला नाही. तो तिकडेच वारला. हे कलम हिशेब मागण्यासाठी नाही. पुढची कलमे वाचणाऱ्याला समजावीत एवढ्यासाठी आहे.

कलम तिसरे : दुकाने.

पहिले दुकान मी रेबोलोत घेतले. भाडे कमी होते, कारण पावसात त्या रस्त्याचा ओढा होतो आणि मोटारीसुद्धा वाहून जातात. एका ऑक्टोबरात ओढा दार तोडून आत आला. पाणी उतरल्यावर उरलेला माल गुडघाभर चिखलात होता. टोपल्या, पातेली, बाहुल्या, चपला. शेजारचे दुकानदार आपापला माल धुऊन, पुसून, नवा म्हणून मांडू लागले. मी चिखलासकट फुटपाथवर ओतला आणि पाटी लावली : ‘ओढ्यातला माल. घरी नेऊन धुवा.’ कोपऱ्यापर्यंत रांग लागली. त्या दिवशी मला माझा धंदा समजला. दोष झाकायचा नाही, दोषाला भाव लावायचा.

मग कार्निव्हल संपल्यावर राखेच्या बुधवारी उरलेले मुखवटे आणि झगे गोण्यांनी उचलले आणि पुढच्या वर्षी विकले. बंद पडलेल्या दुकानांचा माल घेतला. पनामातल्या कोलोनहून कंटेनर मागवले. आज सोलेदादपासून सांता मार्तापर्यंत ‘ला न्यापा’ आहे. कोणत्याही दुकानात गरीब गिऱ्हाइकाच्या मागे रखवालदार फिरत नाही. फिरवला, तर तो व्यवस्थापक त्याच दिवशी घरी जाईल. ही अट माझ्यानंतरही लागू राहील.

डॉन निकानोरांची वखार पुढे लिलावात निघाली, ती मी घेतली. त्यांची पितळी खिळ्यांची खुर्ची माझ्याकडे आहे. ती त्यांच्या मुलीला द्यावी. तिच्यात बसून पाहिले मी. पाठ दुखते.

कलम चौथे : विल्फ्रिदो.

अर्धी मिळकत कायद्याने माझ्या एकुलत्या एका मुलाची आहे. राहते घर, बँकेतली ठेव आणि सांता मार्ताकडची दुकाने मिळून ती भरते. ती मी त्याला आनंदाने देते. तो प्रामाणिक आहे, हिशेबाला पक्का आहे. फक्त त्याला स्वस्त मालाची लाज वाटते. राजधानीतली एक कंपनी सगळी साखळी विकत मागते आहे आणि त्याला ती विकायची होती.

“आई, ते काचेचे दरवाजे लावतील, एसी लावतील.”

“आणि ओल्या चपलांनी आत कोण येईल?”

“तुला अजून गाडीवरच उभं राहायचंय का?”

“गुडघे चालले असते, तर राहिले असते.”

कलम पाचवे : मार्येलिस.

माराकाइबोकडचा तेलाचा पैसा आटला आणि तिकडची माणसे खाली मान घालून इकडे येऊ लागली, त्या वर्षी माझ्या सोलेदादच्या दुकानात एक बाई काम मागायला आली. पस्तिशी उलटलेली, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. बोलण्यात माराकाइबोचा हेल होता. मी आडनाव विचारले. कान्तियो, म्हणाली.

“वडिलांचं नाव?”

“उबादेल.”

गल्ल्यावरची मुलगी नोटा मोजायची थांबली.

“मी कोण ते ठाऊक आहे तुला?”

“ठाऊक आहे, डोन्या,” मालकिणीला म्हणतात तसे ती म्हणाली. “म्हणून तर सगळी दारं झाल्यावर शेवटी तुमच्याकडे आले.”

मी तिला खोकी फोडायच्या कामावर ठेवले. दया म्हणून नव्हे, मला माणूस हवे होते. ती कोणाशी जास्त बोलत नसे. पण टाळेबंदीत लोकांचे रोजगार बुडाले आणि दुकाने ओस पडली, तेव्हा ती माझ्याकडे येऊन म्हणाली, “डोन्या, अख्खा साबण आता कोण घेणार? अर्धा कापून विकू या. तेल घोटभर बाटलीत देऊ.”

विल्फ्रिदो म्हणाला, “अर्धा साबण? ही काय आपली पायरी आहे?”

मी सुरी आणायला सांगितली. एकही दुकान बंद पडले नाही, एकाही नोकराला घरी बसवावे लागले नाही.

म्हणून माझ्या हक्काची उरलेली अर्धी मिळकत, म्हणजे सोलेदाद आणि शहरातली दुकाने, वखार व ‘ला न्यापा’ हे नाव, मी मार्येलिस कान्तियो हिला देते. ती माझी कोणी लागत नाही, हे मला माहीत आहे. नोटरीसाहेबांनीही तीनदा विचारून घेतले.

कलम सहावे : यावरून झालेली बोलाचाली.

मी हे विल्फ्रिदोला आधी सांगितले, कारण मेल्यावर भांडता येत नाही. तो उठून उभा राहिला.

“बाबांनी टाकलं आपल्याला. आणि तू त्यांच्या त्या पोरीला...”

“त्यांनी टाकलं. ती तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती.”

“लोक हसतील, आई.”

“हसू देत. हसणारी माणसं दुकानात येतात.”

तो जेवायला थांबला नाही आणि बरेच आठवडे आला नाही.

कलम सातवे : ऑरामारिना.

मार्येलिसची आई माराकाइबोत एकटी राहिली होती. वीज नाही, औषध मिळत नाही, असे मार्येलिस दुसऱ्या कोणाला तरी फोनवर सांगत होती. मी तिच्याकडून नंबर घेतला आणि स्वतः लावला.

“कोण बोलतंय?”

“एतिल्विया. बारान्कीयाहून.”



“शिव्या द्यायच्या असतील तर द्या, बाई. मी ऐकते.”

“फोन महाग पडतो. मला सांगा, तुमच्याकडेही तो रात्री उठून भात खायचा का?”

“पातेल्यातूनच! आणि चमचा तसाच टाकायचा.”

आम्ही दोघी हसलो. नंतर ती रडली. मी रडले नाही, पण फोनही ठेवला नाही.

रेबोलोतल्या जुन्या दुकानामागची दोन खोल्यांची जागा मी तिला हयातभर राहण्यासाठी देते. ओढा आता जमिनीखालून नेला आहे, जागा कोरडी आहे.

तिला सरहद्दीवरून आणायला गाडी हवी होती. मी विल्फ्रिदोला निरोप धाडला. तो येईल असे मला वाटले नव्हते. तो आला, किल्ली घेतली आणि गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी दारात थांबली. त्याने ऑरामारिनाची पिशवी आत आणून ठेवली, पण तो गेला नाही. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला.

“आई, सरहद्दीवर पारागुआचोनला गर्दीतून मी गाडी मागे घेत होतो. काच खाली होती. ही बाई एकदम ओरडली, थांब!”

“का?”

“मी दारावर बाहेरून थाप मारतो ना, गाडी मागे घेताना? ती म्हणाली, तो बस अशीच मागे घ्यायचा. अगदी अशीच, दोन थापा आणि एक. मला हे कोणी शिकवलं नाही गं. मला त्यांचा चेहराही आठवत नाही.”

मला हे माहीत होते. त्याला गाडी आली तेव्हापासून मी ते पाहत होते आणि बोलले नव्हते.

तो ऑरामारिनाकडे वळला. “आणखी काय काय करायचे बाबा?”

ती म्हणाली, “बस बाळा, जेवून घे. सांगते.”

कलम आठवे व शेवटचे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी आधी मी एका वकिलाकडे सोपवली होती. ते रद्द. विल्फ्रिदो आणि मार्येलिस यांनी दोघांनी मिळून ती करावी. सूचना विल्फ्रिदोची आहे, माझी नव्हे. नोटरीसाहेब हे लिहीत असताना ती दोघे आत ऑरामारिनापाशी बसली आहेत आणि तिचे बोलणे अजून संपलेले नाही.

हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. बरोबर आहे.

बारान्कीया, १६ मार्च २०२३

सही : एतिल्विया चारिस पोलो

साक्षीदार :
एनेइदा मेर्कादो, शेजारीण
लेओविहिल्दो ओरोस्को, औषधविक्रेता
देनिस आल्तामार, निवृत्त शिक्षिका

माझ्यासमोर : नोटरी ऑ. आर्मेन्ता