गुरुवारची मळमळ

मंगळ., ७ जाने.
जिन्यात ह्यांच्या उजव्या पायातली चप्पल पहिल्या मजल्यावरच राहिली आणि हे फाटकापर्यंत पोचले तरी पत्ता नाही. मागून मी, चप्पल हातात घेऊन. वॉचमन हसला. मला काही हसू आलं नाही.
"अहो, फरशी गार नाही लागली?"
"लागली असती तर परत आलो नसतो का?"
डॉक्टरीणबाईंना सांगितलं. बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झालीच आहेत. आता रोज त्याची गोळी, एक मल्टिव्हिटॅमिन, आणि आठवड्यातून एकदा डी व्हिटॅमिनची कॅप्सूल. सगळं खाऊन झाल्यावर. मधेच सोडायचं नाही, नसांचं काम आहे; चालढकल केली तर पायाची जाणीव परत येईलच असं नाही म्हणाल्या.

गुरु., ९ जाने.
चांगलं काम गुरुवारी सुरू करायचं, हा ह्यांचा नियम. स्कूटरसुद्धा गुरुवारीच आणलेली. त्यामुळे दोन्ही गोळ्या आणि कॅप्सूल, सगळ्याचा आज एकदम श्रीगणेशा. दुपारच्या आत मळमळ, मग उलटी. म्हणतात कालच्या मिसळीचं असेल. रात्री उपास सोडला, मुगाची खिचडी खाल्ली, झोपले.

शुक्र., १० जाने.
सकाळी बाथरूममधून आरोळी. "अगं, मला कावीळ झाली!" लघवी हळदीसारखी पिवळी म्हणे. डोंबिवलीला मनूला फोन. आमची लेक, बापाला तीच दटावू शकते.
"बाबा, मल्टिव्हिटॅमिनने होतंच तसं. डोळे पिवळे आहेत? नाहीत ना? मग पाणी प्या आणि आईला त्रास देऊ नका."
हे जरा हिरमुसलेच.

मंगळ., १४ जाने.
संक्रांत. हे गुळपोळ्यांवर तुपाची धार धरून बसले होते. गोळ्या रोज चालू, पोट ठणठणीत. पायाचं विचारलं तर "बघू".

गुरु., १६ जाने.
परत तेच. कॅप्सूल घेतली, तासाभरात उलटी. पांढरेफटक पडले, मी घाबरले. तोंड धुऊन आले आणि सगळी पाकिटं कपाटावर टाकली. "बास. पाय बधिर तर बधिर. निदान पोट तरी माझं राहू दे."
मी खूप बोलले. म्हटलं, उद्या तुम्ही जिन्यावरून पडलात तर मी कोणाकडे बघायचं? मग दोघंही दोन खोल्यांत.
डॉक्टरीणबाईंना फोन. गुरुवारीच होतं म्हणजे कॅप्सूल असेल, तेवढी थांबवा, गोळ्या चालू ठेवा. पुरळ, सूज, श्वास लागणं, असलं काही दिसलं तर फोन करत बसायचं नाही, थेट यायचं.
पाकिटं स्टुलावर चढून मीच काढली.

गुरु., २३ जाने.
कॅप्सूल नाही. तरी मळमळ!! उलटी नाही, पण बेसिनला धरून उभे.
ओट्याशी मी ह्यांचा पेला विसळत होते. तळाशी कोरा चहा. हात थांबला. रोज पोहे, उपमा खाऊन गोळ्या घेतात. गुरुवारी उपास, रात्रीपर्यंत पोटात कोऱ्या चहाशिवाय काही नाही, आणि त्यावर ह्या गोळ्या. आमच्याकडे गुरुवारी कोरा चहा म्हणजेच नाश्ता, इतकं अंगवळणी पडलंय की "खाऊन झाल्यावर" हे माझ्याही डोक्यात शिरलं नाही. बिचाऱ्या कॅप्सूलवर उगाच आळ.

शुक्र., २४ जाने.
डॉक्टरीणबाई हसल्या. गोळ्या रोजच रात्रीच्या जेवणानंतर घ्या. कॅप्सूल रविवारी, भरल्या पोटी. बघू काय होतं. आणि ह्या वयात उपाशी राहू नका.
घरी येऊन म्हटलं, सोडा आता तो उपास.
नाही म्हणाले.
"अहो पण कशासाठी?"
बराच वेळ पेपर वाचत राहिले. मग पेपराआडूनच, "मनूच्या वेळी तू हॉस्पिटलात होतीस ना, डॉक्टर काही सांगत नव्हते. तेव्हा धरलेला."
मनूला आता मुलगा आहे. इतकी वर्षं मी ह्या उपासाची चेष्टा करत आले, मैत्रिणींसमोरसुद्धा. हे कधी बोलले नाहीत.
"मी बरी आहे की आता. झालं काम."
"तू बरी आहेस म्हणूनच चालू आहे."
मी आत गेले. रडले थोडी. बरं वाटलं.

रवि., २६ जाने.
आमटीभात, तूप, मग कॅप्सूल. संध्याकाळपर्यंत मी ह्यांच्याकडे टक लावून बघत होते. शेवटी हे चिडले, "मी काय दूध आहे उतू जायला?" काही झालं नाही.

गुरु., ३० जाने.
उपास झाला. चहात मात्र दूध घालू दिलं आणि दुपारी केळं खाल्लं, एवढा तह. रात्री जेवून गोळ्या. मळमळ नाही.

बुध., १२ फेब्रु.
पायाचं काही नवीन नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, नसा सावकाश सुधारतात, धीर धरा. हे धरतात. मला जमत नाही.

रवि., १६ फेब्रु.
भाजीला निघालो. मी मुद्दाम मागे, नजर उजव्या चपलेवर. पहिल्या मजल्याच्या वळणावर निसटली. मी तोंड उघडणार तेवढ्यात हे थांबले. खाली बघितलं. वाकून चप्पल नीट केली आणि पुढे उतरायला लागले.
पायाला कळलं, की पडल्याचा आवाज आला? मी विचारलं नाही. पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि ह्यांच्या मागोमाग उतरले.