आप्पांची तहान

आदरणीय सरोजाताई,
सप्रेम जयभीम.

मंडणगडला उकाडा कसा आहे? तुमचे गुडघे काय म्हणतायत? इकडे सगळे ठीक, फक्त तुमचे आप्पा पाणी पीत नाहीत. (फोनवरच सांगितलं असतं, पण फोन वाजला की ते खुर्ची ओढून शेजारी येऊन बसतात.) विचारलं की "तहान न्हाय" एवढंच. डॉक्टर म्हणाले, पोटात काही पातळ गेलं नाही तर दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागेल. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

त्यात सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर गाडीवाल्याकडे आलुबुखार आणि पीच आले. पीच कधी हातात धरून पाहिलंय तुम्ही? अंगावर बारीक लव, तान्ह्या बाळाच्या कानासारखी. ते कुरवाळत मी कुठल्याशा थंड डोंगरावर पोचलेसुद्धा. "भाभी, खरीदना है कि गोद लेना है?" गाडीवाला म्हणाला, तेव्हा मीरा रोडला परत आले.

आता सरबत. आपण पन्ह्याच्या कैऱ्या कुकरमध्ये भाताच्या वरच उकडतो ना, म्हणून आलुबुखारही तसेच ठेवले. पण ही नाजूक जात. पहिल्याच शिट्टीला फुटली आणि निम्मा रस भातात. झाकण काढलं तर भाताला थेट मुर्ध्याच्या खाडीवरच्या संध्याकाळचा रंग! मी त्यातच हरवले (तेवढ्यात फोडणी जळली). आप्पांनी ताट पाहिलं. "लगीन कुनाचं हाय?" गुलाबी भात निमूट जेवले, सरबताला हात नाही. मग गूळ-वेलची घालून पीचचं केलं. वास घेऊन म्हणाले, "साबण चांगला हाय." शेवटी मुकाट्याने कैरीचं पन्हं केलं, तर "सरोजा करते तसं न्हाय," म्हणून पेला सरकवला.

दुपारी ते खिडकीशी डुलक्या घेतात. मी पेल्यावरून ओघळणारे थेंब बघत बसते आणि वाटतं, या वयात माणसाची तहान जाते तरी कुठे?

तुमची भावजय,
संघप्रिया

ता. क. – आडून कशाला लिहू? तुम्ही थोडे दिवस या. पन्हं तुम्ही करा, कैऱ्या मी सोलते.

आणखी एक ता. क. – पाकीट घ्यायला उठले, तर आप्पा फ्रीजसमोर उभे, पीचच्या सरबताचा जग थेट तोंडाला! मला बघून मिशा पुसत म्हणाले, "सरोजाला कळवू नको, पोरी. मग ती यायची न्हाय." नाही कळवणार म्हणून मी शब्द दिलाय. तेव्हा हे एवढं तुम्ही वाचलेलं नाही. बाकीचं वाचून घाबरा, आणि लगेच निघा.