बाकाखालचे हात

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, बहिऱ्या मुलांच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. कान सहा वर्षांपूर्वीच रजेवर गेले, त्याचा दाखला कोणी मागितला नाही.

कलम एक. पहिल्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या माझ्या जुन्या विद्यार्थिनीला, जी पुस्तकबांधणीचं काम करते, तिला मिळाव्यात. धाकट्या भावाला हे पटलेलं नाही. "रक्ताचं माणूस सोडून परक्याला?" असं तो माझ्या कानाशी ओरडला, आणि मला ते त्याच्या ओठांवरून कळलं. त्याच्यासाठी कारण लिहिते. जरा लांबेल, पण खोल्या माझ्या आहेत.

आमच्या शाळेत हातांनी बोलायला बंदी होती. मुलं तोंडाने बोलायला शिकली तरच चारचौघांत मिसळतील, असं आम्ही मनापासून मानत होतो. मी एकेकाला आरशासमोर बसवून 'प' शिकवायचे. ओठांपुढे धरलेली कागदाची पट्टी हलली की माझाच जीव भांड्यात पडायचा. कोणाचा हात हलला, की दोन्ही तळहात मांडीखाली दाबून घंटा होईपर्यंत बसायची शिक्षा. मुलांवर आमचा फार जीव होता, आणि हीच गोष्ट मला आजही गिळता येत नाही.

ही माझी विद्यार्थिनी सात वर्षांची असताना, नव्याने आलेल्या एका मुलीशी बाकाखाली हातांनी बोलताना सापडली. मी तिला दुपारभर हातांवर बसवलं. ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

तो नियम एका दिवसात गेला नाही. एकदा एक आई मोठ्या सरांच्या खोलीत येऊन म्हणाली, "माझी मुलगी घरीसुद्धा हात मांडीखाली घालून झोपते हो." मग एका तरुण शिक्षिकेने बाकं गोल मांडली, मुलांना एकमेकांचे हात दिसावेत म्हणून. मग आमचीच मोठी झालेली मुलं कार्यालयात येऊन उभी राहिली, त्यांत हीही होती. वीस वर्षं लागली. एका सकाळी नियमावर तांबडी रेघ दिसली, आणि ज्या खोलीत आम्ही सगळ्यांनी त्याची बाजू घेतली होती, तिथे तो कधी आवडत होता असं एकालाही आठवेना. माणसांची एवढी मोठी समजूत डोळ्यांदेखत बदलली, आणि मी थक्क होऊन बघत राहिले. मी शेवटपर्यंत बदलाच्या विरोधात मत दिलं, याचीही नोंद व्हावी.

कान गेले तेव्हा मी हिच्याकडेच शिकायला गेले. खळीचा वास, दाबयंत्राखाली पुस्तकांची चळत, आणि समोर त्र्याहत्तर वर्षांची ढ विद्यार्थिनी. दहा महिन्यांनी पुरेशी भाषा आल्यावर मी विचारलं, "त्या दिवशी बाकाखाली काय बोलत होतीस?"

तिने सुईदोरा बाजूला ठेवला. "ती घरच्या आठवणीने रडत होती. मी म्हटलं, आई शनिवारी येणार आहे. तोवर माझ्याजवळ बस."

अडतीस वर्षं मी नीतीचा तास घेतला. 'दुसऱ्याचं दुःख ओळखा' असं फळ्यावर लिहून पोरांकडून घोकून घेतलं. आणि ते माझ्या पायांपाशी, बाकाखाली, आपलं आपण चाललं होतं. कोणी शिकवलं नव्हतं, उलट मी मनाई केली होती.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "अजून ठरवलेलं नाही. विचारत जा." दर गुरुवारी विचारते. खोल्या ही त्या उत्तरासाठी लाच नाही, हे वाक्य तिनेच लिहायला लावलं.

कलम दोन. बँकेतली ठेव शाळेला. अट एकच: कोणता नियम दुखतो, हे वर्षातून एकदा मुलांना त्यांच्याच भाषेत विचारावं आणि सांगतील ते लिहून ठेवावं. आजही आपण मायेपोटी काहीतरी चुकत असणार, आणि ते आपल्याला दिसत नसणार.

कलम तीन. आरसा भाचीला, त्याचा काही दोष नाही. शाळेने मोडीत काढलेला बाक मी आणला होता, तो शाळेलाच परत, पण बसण्यासाठी. कानाचं यंत्र भावाला. त्याला सगळं ऐकू येतं, फक्त बायकोचं येत नाही.

कलम चार. यात देण्यासारखं काही नाही, तरी लिहिते. गेल्या महिन्यात शाळेच्या लहान वर्गात गेले होते. चार वर्षांची एक चिमुरडी मला मांजरीची गोष्ट सांगत होती. माझी बोटं जड चालतात, हे तिने पाहिलं, आणि आपले हात सावकाश चालवून प्रत्येक वाक्य दोनदा सांगितलं. तिला हे कोणी सांगितलं असेल?

कलम पाच. मुलांनी मला खुणेचं एक नाव ठेवलं होतं: दोन तळहात खाली दाबलेले. इतकी वर्षं मला त्याचा पत्ताच नव्हता. मी गेल्याची बातमी जुन्या मुलांना देताना तेच नाव वापरावं, उगाच गोड करू नये.

दुरुस्ती. सहीआधी हे सगळं मी माझ्या विद्यार्थिनीला हातांनी वाचून दाखवलं. पाचव्या कलमाशी तिने माझे हात धरले. तळहात खाली दाबले, मग सावकाश वर आणून उघडले. दोनदा करून दाखवलं. "बातमी देताना हे नाव सांगू," ती म्हणाली, आणि लगेच बजावलं, "ही माफी नाही हं." वकील पेन पुढे करून थांबले होते, पण मला कागद दिसत नव्हता, म्हणून थोडा वेळ गेला. कलम पाच याप्रमाणे वाचावे.

ठिकाण: माझी पुढची खोली, खिडकीजवळ.
दिनांक: वकिलांच्या शिक्क्यावर आहे. वार गुरुवार, सकाळी दहा.

साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई. २. बाकं गोल मांडणारी शिक्षिका, आता मुख्याध्यापिका. (जिला खोल्या मिळतात तिने साक्ष देऊ नये, असं वकील म्हणाले, म्हणून तिने फक्त ही पानं शिवली.)

सही: माझीच आहे. दोन्ही हात वर होते, कागदावर.