दोघांचा शब्दकोश

धानोरा,
१२ ऑगस्ट १९६७

प्रिय नारसिंग,

पंधरा वर्षांनी लिहितोय, म्हणून आधी बरी बातमी. तुझी लेक दिवली माझ्याच वर्गात आलीय. रोज हजेरी घेऊनही माझ्या लक्षात आलं नाही, मी तसा मठ्ठच. काल इंग्रजीच्या तासाला 'अबंडंट' शब्द आला. मी नेहमीची व्याख्या सांगू लागलो, तर मागच्या बाकावरून तिनंच ती पुरी केली: मोहाच्या झाडाखालची, फुलांचा सडा पडलेली पहाट. वर म्हणाली, "गुरुजी, ही तर माझ्या बाची."

आठवतं ना, मास्तरांनी आपल्या दोघांत मिळून एक शब्दकोश दिला होता. आठवडा तुझा, आठवडा माझा. कोशातला अर्थ झाकायचा आणि आपल्या गावात डोळ्यांना दिसेल अशी व्याख्या वहीत लिहायची. माझ्या व्याख्या कोशाच्याच उष्ट्या असत. तू लिहायचास, 'रिलक्टंट' म्हणजे मोलगीच्या बाजारात विकलेला बैल नव्या मालकामागे चालतो तसा. मला तुझा हेवा वाटायचा. फार वाटायचा.

मॅट्रिकच्या आधीचा शेवटचा आठवडा तुझा होता. तू वसतिगृहातून उन्हातान्हात चालत आमच्या घरी आलास आणि मी सांगितलं, कोशाला वाळवी लागली, जाळून टाकला. तू चिडशील, भांडशील, याची मी तयारी ठेवली होती. तू पाणी प्यालास, पिशवीतून आपली वही काढलीस आणि माझ्या हातात दिलीस. "मन्हं समदं पाठ शे, तू वाच," म्हणालास.

तू इंग्रजीत नापास झालास आणि डोंगरात परतलास. मी पास झालो, मास्तर झालो, तुझ्याच व्याख्या सांगून हुशार म्हणवून घेतो. कोश तेव्हा आमच्या ज्वारीच्या कणगीत होता, नारसिंग. आईला ठाऊक होतं. गेल्या वर्षी ती गेली, त्याआधी तिनं एवढंच विचारलं, "नारसिंगले पुस्तक परत दिधं का?" मी हो म्हणालो.

काल तास संपल्यावर दिवली थांबली. म्हणाली, "गुरुजी, तुमच्या पुस्तकाला वाळवी लागली म्हणून बा अजून हळहळतो." पोळ्याच्या सुट्टीला ती घरी येतेय. तिच्याच हाती कोश आणि तुझी वही फडक्यात बांधून पाठवतोय. एका पानालाही कीड नाही. तिला यातलं काही बोललो नाही. पुस्तक कुठून आलं, असं ती विचारील. काय सांगायचं ते तू ठरव.

एकेकाळी तुझाच असलेला,
रूपचंद