पान्याने न सुटणारा उतार

बाबा,

आपल्या दारातला लाकडी उतार आज दुपारी निघाला. समोरच्या चाळीतल्या काकांच्या सुनेने प्रत्येक फळी खालून-वरून पाहिली आणि म्हणाली, "ताई, एकही फुटली नाही." तेव्हा ही बातमी पक्की समजायला हरकत नाही. हिच्याआधी तुम्हाला दुसरी बातमी द्यायला हवी होती. इतकी वर्षं पेपरात काढून मला एवढं कळायला हवं की मोठी बातमी वर घ्यायची. तुमचा धाकटा गेला, बाबा. महिना होत आला, परळच्या हॉस्पिटलात, एका सकाळी, श्वास पुरेनासा होऊन. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरणीने त्याच्या मनगटावरचा हात काढला, माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. तिला मी उलट विचारलं, "नक्की ना?" सवय. बातमी दोनदा विचारून घ्यायची सवय. तिने शांतपणे सांगितलं, "नक्की." स्नायूंच्या त्या आजारात तो इतकी वर्षं काढेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, हे तुम्हालाही माहीत होतं. तरी मी तयार नव्हते.

तो नऊ वर्षांचा असताना त्याचे पाय पूर्ण थांबले आणि मी त्याला ओट्यावरून पटांगणात उचलून न्यायला लागले. मी तेव्हा कॉलेजात जात होते, अंगात जोर होता, आणि मला वाटत होतं की मी चांगलं काम करते आहे. तुम्ही पहिल्या पाळीवरून आलात, पायऱ्यांवर आम्हाला पाहिलं आणि डबा खाली ठेवायच्या आत म्हणालात, "ठेव त्याका खाली. तो काय गोणपाट हा?" मी रडकुंडीला आले. रात्री जेवताना तुम्ही समजूत काढल्यासारखं बोललात, पण माघार घेतली नाहीत. रोज कुणीतरी उचलत राहिलं की माणसाला आपण सामान आहोत असं वाटायला लागतं, म्हणालात. आईने तुमच्या ताटात आणखी एक सोलकढीची वाटी ठेवली, म्हणजे तिला पटलं होतं. त्याच आठवड्यात भायखळ्याच्या वखारीतून हातगाडीवर जुनं सागवान आलं. कुणाच्या तरी पाडलेल्या घराच्या फळ्या, खिळ्यांनी भरलेल्या. दगडी पायऱ्यांच्या अर्ध्या रुंदीवर तुम्ही दोन तिरक्या तुळया टाकल्या, वर फळ्या ठोकल्या, आणि चाकांची खुर्ची त्याला एकट्याला चढवता येईल इतका उतार लांब ओढलात. तो इतका लांबला की त्याचं टोक पटांगणात गेलं. भांडण तिथेच सुरू झालं.

समोरचे काका तेव्हा मंडळाचे सेक्रेटरी. उताराचं टोक बरोबर तिथे आलं होतं जिथे गणपतीच्या मंडपाचा कोपऱ्यातला खांब रोवायचा. ते सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मंडपाचो खांब काय तुझ्या खोलीत रोवू?" तुम्ही म्हणालात, "रोव. देव घरात येता तर माका काय जड?" वरच्या गॅलरीतून लोक हसले आणि काकांचा पारा आणखी चढला. "ह्यां काढूक व्हया!" "काढून दाखय." एवढंच झालं. पण तुम्ही मिलमधले फिटर, तुमचा राग हातात उतरायचा. दुसऱ्या दिवशी तुम्ही पायऱ्यांच्या दगडाला भोकं पाडलीत, तुळयांमधून जाड बोल्ट खाली घातलेत, भोकांत शिसं वितळवून ओतलंत आणि बोल्टांची वरची टोकं हातोड्याने ठोकून चपटी केलीत. पाना लागायला काही जागाच ठेवली नाहीत. मग मला म्हणालात, "आता हो उतार आणि हे पायरे एकच." त्यानंतर तुम्ही आणि काका एकमेकांशी बोलला नाहीत. मंडपाचा खांब दर वर्षी हातभर डावीकडे रोवला गेला.

पुढचं तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या गणपतीत काका आपल्या दाराशी आले, आत आले नाहीत, आणि धाकट्याच्या मांडीवर मंडळाचा माईक ठेवून म्हणाले, "बोलशील?" त्या दिवसापासून तो आपला अनाउन्सर. उताराच्या वरच्या टोकाला खुर्चीला ब्रेक लावून बसायचा आणि हरवलेली मुलं, सापडलेली पाकिटं, आरतीची वेळ असं सगळं सांगायचा. एका वर्षी ऐन गर्दीत म्हणाला, "मंडपाचा खांब यंदाही हातभर डावीकडे आहे, सेक्रेटरींनी नोंद घ्यावी." काका मंडपातून ओरडले, "गप रे मेल्या!" आणि हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. तुम्ही असता तर काय केलं असतंत, हे मला आजही ठरवता येत नाही.

हॉस्पिटलातून त्याला घरी आणलं तेव्हा चाळीतले सगळे आले. निघायची वेळ झाली आणि चौघांनी त्याला उचललं. उचलू नका म्हणायला तुम्ही नव्हता, आणि मला तो हक्क उरला नव्हता. पुढचा मुलगा सवयीने पायऱ्यांकडे वळला. मी म्हटलं, "उतारावरून न्या." तो थांबला, माझ्याकडे पाहिलं, आणि ते उतारावरून गेले. हळू, पाय तिरके टाकत, कारण उतारावर खांद्याचा तोल सांभाळणं अवघड असतं. मी तेवढंच करू शकले, बाबा. तेवढं केलं.

दिवसकार्य आटपल्यावर समोरची सून आली. दारात उभी राहून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. काकांना दिवाळीनंतर अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली. तेव्हापासून ते ओट्याखाली उतरलेले नाहीत. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणतात रोज बाहेर न्या, नाहीतर उरलेली बाजूही आखडेल. पण मुलांनी खुर्चीसकट उचलायला हात लावला की ते चांगला असलेला उजवा हात उगारतात. "ताई, विचारू की नको तेच कळत नाही," ती म्हणाली. मग विचारलंच नाही. नुसती उताराकडे बघत राहिली. दोन्ही चाळी एकाच मालकाने एकाच मापाने बांधल्या, त्यांच्या पायऱ्याही आपल्याइतक्याच. "घेऊन जा" एवढं म्हणायला मला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत रोज ऑफिसला जाताना मी पायऱ्यांनी उतरले, उतारावर पाय टाकला नाही.

सुतार बोलावला. त्याने बोल्ट पाहिले आणि पहार मागितली. पहारेने तुळया उचकटल्या असत्या, पण इतक्या जुन्या फळ्या उभ्या चिरल्या असत्या. आणि तुमचं काम कुणी उखडावं हे मला नको होतं. म्हणून लालबागच्या एका दुकानातून मी रेसिप्रोकेटिंग सॉ भाड्याने आणला. तुमच्या वेळी तो आपल्याकडे नव्हता. ड्रिलसारखं अंग, पुढे लांब पातळ पातं, आणि ते हॅकसॉसारखंच मागे-पुढे धावतं, फक्त डोळ्याला दिसणार नाही इतक्या वेगाने. दुकानदार म्हणाला, "मॅडम, चलायेगा कौन?" "मीच." त्याने वर पाहिलं, मग एका जुन्या पाइपवर माझ्याकडून चार वेळा कापून घेतलं. त्यानेच लोखंडासाठी बारीक दातांचं पातं दिलं. जाड दातांचं लाकडासाठी, ते बोल्टवर लावलं तर दात गळतील.

आज सकाळी ओढणी काढून ठेवली, केस बांधले, चष्म्यावर गॉगल चढवला. ओट्याच्या कडेने पाण्याचा पाइप जातो, तो आधी चाचपला. पात्याचं टोक पलीकडे कुठे पोचतं हे पाहायला तुम्हीच शिकवलं होतं, हॅकसॉच्या वेळी. इथे ते जास्त लागू. टोक मागच्या दगडावर आपटलं तर मशीन उसळून अंगावर येतं. सुनेने मुलांना लांब धरलं. समोरच्या ओट्यावर काका खुर्चीत बसून बघत होते. मी सवयीने आधी एका चपट्या टोकावर पाना लावून पाहिला. तेव्हा पलीकडून त्यांचा आवाज आला, अडखळत, अर्ध्या तोंडाने. "पानो लावू नको. शिसा हा. मी लावन बघलंय."

मी वळून पाहिलं. "कधी, काका?"

"तुझो बापूस रातपाळीक असताना." आणि उरलेल्या अर्ध्या चेहऱ्याने ते हसले.

बाबा, ते तुमचा उतार चोरून काढायला आले होते आणि हरून परत गेले होते. हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही महिनाभर शीळ घालत फिरला असता.

लाकूड आकसून तुळई आणि दगड यांच्यात बोटभर फट पडली होती. तिच्यात लाकडी पाचरी ठोकून ती थोडी मोठी केली, पातं आत घातलं, पात्याच्या मुळाशी असतं ते मशीनचं लोखंडी पाऊल तुळईवर दाबून धरलं, दोन्ही हातांनी, आणि मग हळूहळू खटका ओढला. पाऊल सुटलं तर पातं कापत नाही, सगळं मशीनच थडथडतं. लोखंडावर वेग कमी ठेवायचा, मध्ये मध्ये तेलाचा थेंब सोडायचा, जोर करायचा नाही, त्याला त्याच्या गतीने जाऊ द्यायचं. तुम्ही हॅकसॉ हातात देऊन म्हणायचात, "ढकलू नको गो, करवत जाणता." तेच. पातं बदलायच्या आधी प्लग काढला, तरी घाईत बोट लागलंच. कापून झाल्यावर पातं तव्यासारखं तापलेलं असतं. शेवटचा बोल्ट तुटायच्या आधी मी थांबले आणि तुळयांखाली विटा लावल्या, नाहीतर सगळा भार पात्यावर बसला असता. विटा लावून झाल्या तरी मी तिथेच गुडघ्यावर बसून राहिले. सून म्हणाली, "ताई, राहू दे का?" मी म्हटलं, "नको." आणि खटका ओढला. तुमचा बोल्ट तुटताना आवाज झाला नाही. नुसता हाताला कळला.

दगडात शिशाचे वाटोळे ठिपके राहिले आहेत, मध्ये बोल्टचं ताजं चकचकीत लोखंड. ते मी तसेच ठेवले, फक्त कानशीने कडा घासून बोथट केल्या, कुणाच्या पायाला लागू नये म्हणून.

उद्या सकाळी समोर उतार बसवतील. मी निक्षून सांगितलं आहे की साधे बोल्ट घाला, पान्याने सुटतील असे. तिथून तो आणखी कुणाच्या दारी जायचा असेल तर जाऊ दे. एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही. वरून तिसरी फळी सैल आहे. धाकट्याने ती कधी घट्ट करू दिली नाही. तिच्यावर चाक आलं की धप् व्हायचं, आणि मी आत कुकर लावत असले तरी मला कळायचं, आला. आज हातात हातोडा होता, खिळाही होता. मी ठोकला नाही.

दहाच्या सुमाराला काका खाली उतरतील. पटांगणात माणसं जमतील, कुणीतरी टाळ्या वाजवील, आणि तो धप् समोरच्या दारातून येईल. हे पत्र कुठे द्यायचं नाही. मशीन तेवढं दुकानात पोचवायचं आहे. ते मी सकाळी लवकरच नेणार आहे, आणि तिथून तशीच दादरला ऑफिसात. कुणी सांगितलं नव्हतं, तरी उद्याची सकाळची शिफ्ट मी मागून घेतली आहे.