वर्दीला भाताची पेज

४ ऑगस्ट
आमच्या हर्षाला पंधरा ऑगस्टच्या एनसीसी परेडची कमांडर केलं. नववीतली पोरगी, सगळ्या ट्रूपच्या पुढे. एनसीसीच्या लीलाधर सरांना एवढी तरी अक्कल आहे. स्वतःच्या पँटला मात्र दोन-दोन क्रीज. हा माणूस शिस्त शिकवणार! मला शाळेत एनसीसीत घेतलं नव्हतं. छाती कमी पडली म्हणे. नुकसान एनसीसीचं.
हर्षाची वर्दी मीच तयार करणार.

६ ऑगस्ट
वरठी गावातला इस्त्रीवाला स्प्रे मारतो. नुसतं पाणी. खरा स्टार्च म्हणजे भाताची पेज. सायकल दुरुस्ती मी कोणाकडून शिकलो नाही. हेही जमेल.

९ ऑगस्ट
पहिला हात पातळ झाला. बाही वाकते. वाकते ती वर्दी कसली? उद्या पेज आटवून लावणार. बायको, मंगला, म्हणाली, कायले कपड्याले भात चारून राहिले? दुर्लक्ष केलं.

१२ ऑगस्ट
तिसरा हात. शर्ट आता मागच्या अंगणात भिंतीला टेकून उभा राहतो. शेजारच्या श्यामलालनं विचारलं, भाऊ, पाहुणा आला का? जळतो. त्याच्या घरात शेळी सोडून कोणालाच वळण नाही.
हर्षा घालून पाहते म्हणाली. नाही म्हटलं. क्रीज मोडते.

१४ ऑगस्ट, संध्याकाळी
तिनं चोरून घातलाच. म्हणते, बाबा, सॅल्यूटले हात वर जातच नाही, सगळ्यायसमोर इज्जत जाईन माही. सांगितलं, चूक हाताची आहे, शर्टाची नाही. सराव कर. रडली. कमांडरनं रडू नये, हेही सांगितलं.

१५ ऑगस्ट, सकाळी ११
झक्कास! आवाज खणखणीत. सॅल्यूट थेट भुवईला. बाहीची क्रीज सुरीसारखी. फक्त नावाची पट्टी तिरपी, तो सरांचा हलगर्जीपणा. आजूबाजूच्या पालकांना सांगितलं, पेज माझी. सरांनाही सांगितलं, बाकीच्या वर्द्या पाठवा, शिकवीन. सर हसले. कौतुकानं असावं.

१५ ऑगस्ट, दुपारी
हर्षा म्हणाली, बाबा, रागावजा नोका, तो शर्ट आमच्या ट्रूपमधल्या डिंपलचा होता. डिंपल तापानं पडली, म्हणून मागून आणला अन् पट्टी घाईत बदलली. मी विचारलं, मग क्रीज? म्हणाली, वरठीच्या इस्त्रीवाल्यानं स्प्रे मारला.
मागच्या अंगणात गेलो. श्यामलालची शेळी माझ्या शर्टाची कॉलर संपवून बाहीला लागली होती. कुंपणावरून श्यामलाल म्हणाला, खाऊ द्या भाऊ, लय चवीनं खाऊन राहिली.
हाकललं नाही. माझ्या कामाला दाद देणारी तेवढी एकच निघाली.